बियो संपल्यो की उठूचा

माझ्या शाळेत मराठी बोललं की दहा पैसे दंड होता. दंडासाठी वर्गात पत्र्याचा एक डबा ठेवलेला असे. बाकीच्या मुली दंड टाळायला इंग्रजी बोलायच्या. मी बोलणंच कमी केलं. खाऊचे पैसे थोडे मिळत आणि ते त्या डब्यात जाऊ नयेत एवढाच हेतू होता, पण पुढे सवय लागली. कॉलेज संपेपर्यंत मी अशी मुलगी झाले होते की घरी पाहुणे आले तर आई सांगायची, "आहे आत, पण बोलत नाही फारशी." जणू मी रेडिओ होते आणि माझे सेल संपले होते.

सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, ओरोसला नव्या कचेऱ्या उघडल्या आणि वडिलांची तिकडे बदली झाली. सरकारी क्वार्टर अजून बांधून व्हायची होती, म्हणून त्यांनी मालवणात एक अर्धं घर भाड्याने घेतलं. मी पुण्याला बी.ए.ची परीक्षा देऊन एप्रिलमध्ये तिथे आले. जूनमध्ये निकाल लागला की पुढच्या शिक्षणाला परत पुण्याला जायचं ठरलेलं होतं. मधल्या दिवसांत मला काही काम नव्हतं. वडील सकाळच्या एसटीने जात. आई दुपारी झोपे. मी पुस्तक घेऊन खिडकीशी बसे आणि पुस्तकाच्या वरच्या कडेवरून बाहेर बघत राही.

खिडकीतून ओटी दिसायची. घराचे दोन भाग असले तरी ओटी एकच होती आणि दुपारी तिच्यावर घरमालकीण काकींचं राज्य असे. अंगणात चटयांवर कोकमाची सालं वाळत पडलेली असत. वर माडाच्या झापांचा मांडव, त्यामुळे सावली हिरवट. ओटीवर तिघी जणी मांडी घालून बसायच्या आणि पत्ते खेळायच्या. एक काकी. दुसऱ्या, जवळच्या प्राथमिक शाळेतल्या बाई, ज्यांना उन्हाळ्याची सुट्टी होती. तिसरी मासे विकणारी, जिला सगळे मावशी म्हणत. ती बाजार आटोपून, पाटी विहिरीवर धुऊन पायरीखाली पालथी घाली आणि मग वर येई.

तीन-चार दिवस मी बघत होते. मग एका दुपारी काकी माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "गो बाय, खिडकीतसून बगतंस त्यापरास हय येवन बस. मान मोडात."

मला वाटलं होतं मी दिसत नाही.

मी गेले. मावशीने सरकून जागा केली. काकींनी पत्ते पिसत पिसत विचारलं, "पोकळ येता तुका?"

मला कळलं नाही. आमच्याकडे पोकळा ही पालेभाजी होती.

"पोकळ," त्या पुन्हा म्हणाल्या. "पाच पाना वाटूची. नको आसत ती बदलूची. मगे ज्येका जमता तेना बोलूचा, नाय जमता तेना टाकूची."

काकींचे यजमान परदेशी जहाजावर स्वयंपाकघरात होते. ते रजेवर आले असताना त्यांनी हा खेळ बायकोला शिकवला आणि परत बोटीवर गेले. एकटीने खेळता येत नाही म्हणून काकींनी तो बाईंना आणि मावशीला शिकवला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, की हे पोकर आहे. मी काही बोलले नाही. थोड्याच दिवसांत मला पोकळ हाच शब्द बरा वाटायला लागला. हातात काही नसताना असल्याचा आव आणायचा, या सगळ्या खेळाचं मर्म त्यात आलेलं होतं. काही न जमलेल्या पानांनाही त्या पोकळच म्हणत. जोडी म्हणजे जोडी. ओळीने पाच पानं आली की माळ. तीन सारखी आणि वर दोन सारखी आली की भरला घर.

"मे महिन्यात आमच्या घरासारखा," काकींनी समजावलं. "मुंबयची तीन आणि पुण्याची दोन."

पैसे लावत नसत. लावायच्या त्या काजूच्या बिया, न भाजलेल्या, सालासकट, राखी रंगाच्या. हंगाम होता, प्रत्येकीकडे बिया होत्या. काकींच्या परसात काजूची झाडं होती. बाईंचं माहेर मसुऱ्याला, तिथून पिशव्या येत. मावशी आतल्या गावांत मासळी घेऊन जाई आणि बायका पैशाऐवजी तिच्या पाटीत बिया ओतत. माझ्याकडे झाडही नव्हतं, माहेरही नव्हतं आणि मासळीही नव्हती. काकी आत गेल्या आणि लाकडी शेर भरून बिया घेऊन आल्या. तो शेर त्यांनी माझ्यापुढे ठेवला.

"ह्यो तुज्यो. बियो संपल्यो की उठूचा."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? उठूचा."

मी मान हलवली. त्यात न कळण्यासारखं काही नव्हतं. बिया संपल्या की ओटीवरून उठायचं, आपल्या अर्ध्या घरात जायचं, खिडकीशी. हंगाम एकदाच येतो आणि पुढच्या हंगामात मी इथे नसणार. म्हणजे त्या शेराच्या तळाला माझा उन्हाळा संपत होता.

पहिल्या आठवड्यात मी तो जवळजवळ संपवलाच. पानं टाकून देणं मला उद्धटपणाचं वाटे. कोणी आपल्याला पाच पानं वाढली आणि आपण ती तशीच बाजूला सारली, हे पाहुण्याला शोभत नाही. त्यामुळे मी प्रत्येक डाव शेवटपर्यंत खेळायचे. मावशीने दोन बिया टाकल्या की मी दोन टाके, तिने आणखी तीन टाकल्या की मी आणखी तीन टाके, आणि शेवटी माझी छक्क्यांची जोडी सगळ्यांना दाखवे. मावशी माझ्या बिया पदरात घेताना म्हणे, "बरा चेडू आसा. नको म्हणणा नाय."

शेर अर्ध्याखाली गेला तेव्हा मी घाबरले आणि हिशेबाला लागले. सुरुवातीला प्रत्येकीला एक बी मधे टाकावीच लागे. काकी त्याला घरपट्टी म्हणत. घरपट्टी भरायची आणि बाकी काही भरायचं नाही, असं मी ठरवलं. पानं वाईट असली की लगेच खाली. हे जमायला लागलं तसं आणखी काही सुचत गेलं. बी लहान असो की मोठी, खेळात तिची किंमत एकच, म्हणून मी लहान बिया आधी वापरायचे आणि मोठ्या शेराच्या तळाशी ठेवायचे. बसायची जागाही मी बदलली. मावशी सगळ्यांत धीट खेळायची, म्हणून मी खांबाला टेकून तिच्या पुढच्या जागेवर बसायला लागले. त्यामुळे ती आधी बोले आणि मला तिचं ऐकून ठरवता येई. काकींच्या हे सगळं लक्षात आलं.

"बारक्यो बियो आमका आणि मोठ्यो तुका," त्या म्हणाल्या. "आणि खांब पण तुकाच होयो."

"पाठ दुखते," मी म्हणाले.

"ईस वर्साची पाठ," बाई म्हणाल्या.

एकदा मी वडिलांकडून पैसे घेऊन बाजारातून बिया आणायचा विचार बोलून दाखवला. तिघींनी पत्ते खाली ठेवले.

"पैशान इकत घेतलेली बी खेळात घालूची नाय," काकी म्हणाल्या. "मगे तो जुगार झालो."

"मग उसन्या?"

"बियांक उधारी नाय."

म्हणजे जे होतं ते एवढंच होतं. बसून बसून मला त्या तिघींची पानं त्यांच्या वागण्यावरून ओळखता यायला लागली. न बोलणाऱ्या माणसाला बघायला वेळ पुष्कळ असतो. बाईंना चांगली पानं आली की त्या ती चटईवर ठोकून चारी कडा सारख्या करत, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा करावा तशा. काकींना चांगली पानं आली की घरातली कामं आठवत. "दूध वर येवक नाय मां?" असं त्यांनी विचारलं की मी हातातलं टाकून देई. मावशीचं मात्र काही कळत नसे. तिचा सगळा जन्म बाजारात शिळ्या बांगड्याला ताजा म्हणण्यात गेला होता, असं बाई तिच्या तोंडावर म्हणत, आणि मावशी म्हणे, "तुमी घेतलास मां?"

मी त्यांना वाचत होते आणि मला वाटत होतं की मला कोणी वाचू शकत नाही. माझा चेहरा दंडाच्या डब्यापासूनचा तयार होता. तरी व्हायचं असं, की मला चांगली पानं आली, मी बिया टाकल्या, की तिघी जणी पटापट पानं खाली ठेवायच्या आणि मला फक्त घरपट्टी मिळायची. आणि पोकळ हातावर मी आव आणला की कोणी ना कोणी, बहुतेक वेळा मावशी, म्हणायचीच, "मी बगतंय. दाखय."

मी आव आणण्यात काही कमी ठेवत नव्हते. तोवर मला थोडी मालवणी यायला लागली होती. मी बिया जोरात टाकून म्हणे, "माज्यो तीन. कोणाक होयो?" ते ऐकून तिघी हसत. मला वाटे, माझ्या उच्चाराला हसतात.

रोज चार वाजता काकी गुडघ्यावर हात ठेवून उठत आणि आत चहा टाकायला जात. जाताना पुटपुटत, "कोण म्हणान उठणा नाय." मला वाटे, त्या गुडघ्यांबद्दल बोलताहेत.

मे अर्धा झाला तेव्हा माझ्या शेराचा तळ दिसायला लागला. मूठभर बिया, त्याही सगळ्या मोठ्या, कारण लहान केव्हाच गेल्या होत्या. त्या दुपारी माझ्या हातात दोन राण्या होत्या. मावशीने पाच बिया टाकल्या होत्या. पाच टाकाव्यात तर हरल्यावर जेमतेम दोन दिवसांची घरपट्टी उरणार. न टाकाव्यात तर राण्या वाया. काकी, बाई, दोघींनी पानं टाकलेली होती आणि सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. परीक्षेत प्रश्न अडला की मी पेन्सिल चावायचे. तसंच झालं. हातात बी होती, ती तोंडात गेली आणि मी ती चावली.

काजूच्या सालात तेल असतं हे मला ऐकून माहीत होतं. ते काय करतं हे माहीत नव्हतं. आधी जीभ कडू झाली आणि मग खालच्या ओठाला कोणीतरी निखारा लावल्यासारखं झालं.

"थुक, थुक आदी," काकी म्हणाल्या आणि खोबरेल आणायला धावल्या. बाईंनी माझं डोकं धरून तोंड अंगणाकडे केलं. मावशीने मात्र जागा सोडली नाही, कारण मधे तिच्या पाच बिया होत्या.

"भूक लागली तर सांगूचा," ती म्हणाली. "बी कित्याक खातंस? तुज्याकडे आदीच कमी आसत."

काकी बोटाने माझ्या ओठाला तेल लावत होत्या. मला एकाच गोष्टीची काळजी होती. मी चावलेली बी वर धरून दाखवली आणि ती चालेल का, असं खुणेने विचारलं.

"फुटलेली बी चलाची नाय," बाईंनी निकाल दिला.

मी दुसऱ्या पाच टाकल्या. मावशीकडे दश्शांची जोडी होती. राण्या जिंकल्या. पण हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला, कारण डोळ्यांतून पाणी येत होतं.

घरी गेले तेव्हा ओठ छोट्या वांग्याएवढा झाला होता. आईने विचारलं, "काय खाल्लंस?" मी हाताने शेर भरल्याची खूण केली. वडिलांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "भांडवल खाऊ नये म्हणतात ते हेच." दुपारी ओटीवर काय चालतं ते त्यांना माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं.

पुढचे चार-पाच दिवस मला बोलता येत नव्हतं. ओठ हलला की चिरायचा. मी रोज ओटीवर जात होते, पण सगळं बोटांनी. दोन बोटं वर म्हणजे दोन बिया. तळहात पालथा म्हणजे टाकली. आणि त्या चार-पाच दिवसांत मी जिंकायला लागले. पोकळ हातावर तीन बोटं दाखवली तर बाई पानं ठोकायचं थांबवून टाकून द्यायच्या. माळ आल्यावर तीन बोटं दाखवली तर मावशी म्हणायची, "मी बगतंय," आणि बघून गप्प व्हायची. शेर अर्धा भरला, मग अर्ध्याच्या वर गेला. मला वाटलं, दैव फिरलं.

शेवटी मावशीनेच तोंड उघडलं. लागोपाठ तिसरा डाव ती हरली होती.

"हिचा तोंड बंद झाला," ती म्हणाली, "आणि आमचा दुकान बंद झाला."

मी भुवया वर करून विचारलं, म्हणजे काय?

बाईंनी तिच्याकडे डोळे वटारले. पण हरणारं माणूस गप्प बसत नाही.

"तू पोकळ आसलंस की आमच्यासारखा बोलतंस," मावशी म्हणाली. "'माज्यो तीन, कोणाक होयो.' आणि पाना चांगली इली की," इथे तिने पाठ ताठ केली, हनुवटी वर केली आणि माझ्यापेक्षा स्वच्छ मराठीत म्हणाली, "'मी दोन वाढवते हं.' रेडिओवरल्या बातम्यांसारखा."

काकी पदर तोंडाशी धरून हसायला लागल्या होत्या.

"तिका सांगलंस कित्याक?" बाई मावशीला म्हणाल्या. "ओठ बरो झालो की पुन्ना बोलूक लागला आसता. पावसापर्यंत आमका बियो खंय कमी पडल्यो नसत्यो."

हे त्यांना पहिल्या पंधरवड्यापासून माहीत होतं. मी खांबाला टेकून त्यांच्या उत्तरपत्रिका आणि दूध वाचत होते, आणि त्या नुसत्या ऐकत होत्या. घरी येऊन मी विचार केला तेव्हा पटलं. खोटं बोलायचं असलं की मी त्यांच्यातली एक व्हायला बघत होते. हातात खरोखर काही असलं की मला कोणासारखं व्हायची गरज वाटत नव्हती, आणि आपली घरातली भाषा आपोआप तोंडात यायची.

आता शहाणपण याच्यात होतं, की ओठ बरा झाला तरी गप्पच राहायचं. बोटांनी खेळायचं आणि शेर भरत ठेवायचा. मी तसं दोन दिवस केलंही. पण त्यात मजा नव्हती. चार-पाच दिवस मी बोलू शकत नव्हते तेव्हा बाई मला विचारायच्या, पुण्याला पेठेत राहतंस काय, आणि मी मान हलवायचे. काकी यजमानांच्या पत्रातला मजकूर सांगायच्या, त्यावर मला काही म्हणायचं असायचं आणि ते तसंच राहायचं. दंडाच्या डब्यानंतर पहिल्यांदाच मला न बोलण्याचा कंटाळा आला होता. बिया वाढत होत्या आणि मी उगीचच ओटीवर बसल्यासारखं वाटत होतं. म्हणून तिसऱ्या दिवशी मी तोंड उघडलं.

"बरा झाला?" काकींनी विचारलं.

"झाला," मी म्हणाले.

"आता आयकूया," मावशी पानं उचलत म्हणाली. "ह्या 'झाला' चांगल्या पानांचा की पोकळ?"

मग पुढचे दिवस गोंधळाचे गेले. मी पोकळ हातावर मुद्दाम पुस्तकी बोलायचे. एकदा बाई त्याला फसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते ओळखलं, म्हणून मी पुन्हा उलटं केलं. मग त्यांनी ते धरलं. एखाद्या वाक्याची सुरुवात एका भाषेत व्हायची आणि शेवट दुसरीत. मावशी म्हणाली, "आदी कळायचा तरी. आता ह्या चेडू काय बोलता ता तेका तरी कळता काय?" शेवटी मी त्याकडे लक्ष देणं सोडून दिलं आणि येईल तसं बोलायला लागले. शेर वर-खाली होत राहिला. तळ मात्र पुन्हा दिसला नाही.

मेच्या शेवटाला बोटी किनाऱ्यावर ओढून घेतल्या गेल्या. त्यांच्यावर झापं चढली. बाजारात मासळी उरली नाही आणि मावशीचं आतल्या गावांत जाणं थांबलं. मासळी नाही म्हणजे बिया नाहीत. तिच्या पदराची गाठ रोज लहान होत गेली. ती धीट खेळायची ती धीटच खेळत राहिली. मला तिची काळजी वाटायला लागली, कारण या ओटीवर आपण सोडून दुसरं कोणी तळाशी जाऊ शकतं हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं.

आभाळ भरायला लागलं तसं काकींनी जाहीर केलं की हवेत ओल यायच्या आत बिया भाजून टाकायच्या. उद्याच. म्हणजे तो दिवस जवळजवळ शेवटचाच होता.

तिसऱ्या की चौथ्या डावात मला दोन दश्शे आणि दोन गुलाम आले. एक पान बदललं, तिसरा दश्शा आला. भरलं घर. एप्रिलपासून मला ते एकदाही आलं नव्हतं. काकी दुधाबद्दल काही बोलल्या नाहीत आणि त्यांनी पानं टाकली. बाईंनीही टाकली. मावशीने चार बिया मधे सरकवल्या आणि माझ्याकडे बघितलं.

मी काही ठरवलं नव्हतं. खरंच नव्हतं. मी म्हणाले, "मावशे, तुज्याकडे आसत तितक्यो सगळ्यो घाल. काय ता एकदाचा बगूया."

मावशीचा चेहरा उजळला. तिने बाईंकडे बघितलं. बाईंनी हळूच मान डोलावली. पोकळ.

"घातलंय," मावशी म्हणाली आणि पदराची गाठ सोडून मधे रिकामी केली.

मी पानं उलटी केली. मावशीने पुढे वाकून एकेका पानावर बोट ठेवलं, जणू त्यातलं एखादं चुकून पडलेलं असेल.

"तीन दश्शे," ती म्हणाली. "दोन गुलाम. फशिवलंस गो."

"नाय गो मावशे. मी सहज बोललंय."

"हां, हां. सहज." ती काकींकडे वळली. "ह्येका तुमी खेळूक शिकवलास आणि ह्येना आमकाच खाल्ल्यान. बी परास आमी बरी लागलंव."

मग तिने रिकामा पदर झटकला, कमरेला खोचला आणि ती उठली.

ज्याला मी इतके दिवस भीत होते ते माझ्यामुळे तिला झालं होतं. मासळी नसली तरी तिची पाटी सवयीने पायरीखाली होती. आता ती उतरेल, पाटी डोक्यावर घेईल आणि उद्या बिया भाजायच्या वेळी तिची जागा रिकामी असेल. मी मधल्या बियांची ओंजळ भरली आणि तिच्यापुढे धरली.

"मावशी, यातल्या घ्या ना. प्लीज."

"बियांक उधारी नाय," काकी म्हणाल्या. त्या आरामात भिंतीला टेकल्या होत्या आणि पाय लांब करत होत्या.

मावशी पायरीकडे गेली नाही. ती माझ्या अंगावरून ओलांडून आत गेली. थोड्या वेळाने आतून भांड्यांचा आवाज आला.

"साकर खंय ठेवलंस गो?" तिने विचारलं. "आणि चाय कोण कोण घेतला?"

"फळीर, डाव्या बाजूक," काकी म्हणाल्या. "सगळी घेतलंव. आला घाल."

मी काकींकडे बघितलं. "मावशी उठली ना?"

"उठली मगे. बियो संपल्यो. संपल्यो की उठूचा आणि चाय करूची." त्यांनी दोन्ही हातांनी गुडघे चोळले. "देवान आज बरा केल्यान. दोन म्हयने एक म्हणान उठणा नाय. रोज माकाच उठूक लागता."

"एवढंच?"

"मगे काय? चायेवांगडा भजी पण करूची?"

बाई माझ्याकडे बघत राहिल्या, माझ्या हातातल्या ओंजळीकडे, खांबाकडे आणि पुन्हा माझ्याकडे. मग त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"काकी," त्या म्हणाल्या, "हिका वाटला, बियो संपल्यो की आमी हिका घराक धाडतलंव."

काकींना ते पोचायला जरा वेळ लागला. पोचल्यावर त्या अशा हसल्या की झापांवरचा कावळा उडाला. मावशी गाळणं हातात घेऊन दारात आली. "काय झाला?"

"ह्या चेडू दोन म्हयने भियान खेळला," काकी डोळे पुसत म्हणाल्या. "हाकलतलंव म्हणान."

मावशीने मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"म्हणान बी दातात धरून बसलेला," ती म्हणाली आणि आत गेली.

चहात साखर जास्त होती. मी दोन कप प्याले.

दुसऱ्या दिवशी अंगणाच्या कोपऱ्यात विटांच्या चुलीवर पत्रा ठेवून बिया भाजल्या. काकींनी सगळ्यांच्या बिया एकाच ढिगात ओतल्या आणि कोणाच्या किती होत्या हे विचारलंसुद्धा नाही. सालाचं तेल पेट घ्यायचं, धूर आमच्या खिडकीत शिरायचा आणि आई आतून खोकायची. मावशी लांब काठीने बिया परतत होती. काकी आणि बाई फोडत होत्या. मला फक्त सोलायला दिलं होतं, फोडण्यापर्यंत माझ्या ओठाची पत नव्हती. एप्रिलपासून जपलेल्या माझ्या मोठ्या बियांतल्या दोन-तीन किडक्या निघाल्या.

खेळायला प्रत्येकीने थोड्या बिया भाजायच्या आधीच बाजूला काढून ठेवल्या होत्या. मावशीला काकींनी दिल्या, शेराने मोजून, कारण नव्या दिवशी त्या उसन्या धरत नाहीत असं कळलं. तीन वाजता आम्ही बसलो. मी खांब बाईंना दिला. पहिल्याच डावात माझ्याकडे काहीही नव्हतं, एक राजा आणि बाकी कचरा. मी सगळ्या बिया मधे ढकलल्या.

"पोकळ," मावशी म्हणाली.

"बगा," मी म्हणाले.

तिने बघितलं. माझ्या बिया तिच्या पदरात गेल्या. चार वाजायला बराच वेळ होता, पण मी उठले. काकींनी साखर कुठे ते सांगायला तोंड उघडलं.

"फळीर," मी आत जाता जाता म्हणाले. "डाव्या बाजूक."